दुसऱ्या नाकाची सही

संपादकांचा आग्रह होता की ‘पुरुषांच्या क्षेत्रात एक स्त्री’ अशा धर्तीवर काहीतरी लिहा. तसं लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. बॉनेटमध्ये कोणाचा हात आहे हे गाडीला कळत नाही, आणि गाडी नीट चालायला लागली की गिऱ्हाईकही विसरतं. त्यापेक्षा मी रबराच्या नळ्यांबद्दल लिहिते. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना फटाके उडवायच्या आधी त्याचा उपयोग होईल.

माझं गॅरेज चामराजपेटेत आहे. गॅरेज म्हणजे दोन गाड्या उभ्या राहतील एवढं शेड आणि पुढे एक कडुनिंब. पूर्ण गाडी मी करत नाही. रंग, पत्रा, गाद्या, इंजिन उघडणं हे सगळं दुसऱ्यांकडे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोलचा जो रस्ता असतो, तेवढाच माझा. जे. सी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मला ‘पैप अक्का’, म्हणजे पाइपवाली ताई, म्हणतात. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांचं आहे की मूळ गाव कोणतं यावर घरात अजून भांडणं होतात, आणि आमच्या मराठीत निम्मी कन्नड असते. ती इथे कमी करून लिहिते आहे.

जुन्या गाडीत टाकी मागे आणि इंजिन पुढे. मधला बहुतेक रस्ता लोखंडी नळीचा असतो, ती गाडीच्या पोटाखालून जाते. पण इंजिन थरथरतं, त्यामुळे जिथे जोड येतो तिथे लोखंड चालत नाही, तुटेल. तिथे रबराचा तुकडा लावतात. त्याला होज म्हणतात. एक टाकीजवळ, एक पंपाच्या आधी, एक पंपापासून कार्बोरेटरपर्यंत. लांबीने वीतभर, कधी त्याहून कमी. एवढी मोठी गाडी, पण तिचा जीव या वीत-वीतभर रबरात असतो.

होज आतून म्हातारा होतो. बाहेरून तो वर्षानुवर्षं तसाच दिसतो, आणि हौशी मालक तर त्याला तेलाचा हात फिरवून चकचकीत ठेवतात. म्हणून मी बघत नाही, अंगठ्याने दाबते. चांगला होज दाबला की परत वर येतो. जुना एकतर लाकडासारखा कडक होतो आणि वाकवला की बारीक भेगा दाखवतो, नाहीतर चहात बुडवलेल्या पावासारखा लिबलिबीत. हल्ली दुसरा प्रकार जास्त. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि त्या काळच्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं, आतून त्याचा काळा भुगा सुटतो आणि कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसतो. गाडी सिग्नलला बंद पडायला लागते. मग लोक प्लग बदलतात, बॅटरी बदलतात, ड्रायव्हर बदलतात, आणि शेवटी माझ्याकडे येतात.

बदलायचं काम अवघड नाही. आधी बॅटरीची तार काढायची. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात उतरवून घ्यायचं. वाळूची बादली हाताशी, मोबाइल लांब. जुना होज ओढून काढायचा नाही. तो नळीला चिकटून बसलेला असतो आणि ओढाताणीत नळीचं तोंड वाकतं. ब्लेडने उभा चिरायचा, सोलायचा. नवा घ्यायचा तो आतल्या बाजूला इथेनॉल सोसणारा थर असलेला, अंगावर तसं छापलेलं असतं. क्लिप आवळायची ती रबर धरेपर्यंत, रबर कापेपर्यंत नाही. शक्ती दाखवायला दुसरी कामं आहेत.

आणि सगळ्यांत आधी नाक. सकाळी शटर उघडलं की मी आत न जाता क्षणभर उंबऱ्यावर उभी राहते. कोणती गाडी गळते आहे ते तिथेच कळतं. त्यासाठी मी कामावर अत्तर लावत नाही, आणि या गावात राहून मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजराही माळत नाही. गॅरेजात उदबत्ती नाही, हे वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बेळ्ळंदूरच्या एका आयटीवाल्या मुलाने जुनी अँबॅसडर घेतली आणि सगळीकडे पारदर्शक प्लास्टिकची नळी लावली. का, तर आतलं पेट्रोल वाहताना व्हिडिओत दिसतं. इंजिनाच्या उष्णतेने ती नळी पिवळी पडून बांगडीसारखी कडक झाली होती.

“ही कुठून आणलीस?”

“ऑनलाइन, मॅम. फूड ग्रेड आहे.”

“मग हिच्यातून सार पी. पेट्रोल नको.”

दुसरे एक गृहस्थ गाडी न घेताच आले. त्यांनी खिशातून नुसती चावी काढून टेबलावर ठेवली. गाडी रिंग रोडवर जळाली होती. माणसं वेळेवर उतरली, कोणाला काही झालं नाही. “दोन्ही होज नवे होते हो,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बॉनेट उघडल्यावर दिसतात ते दोन नवे होते. मागचा, टाकीजवळचा, मूळचाच होता. तो वाकल्याशिवाय दिसत नाही, म्हणून कोणी वाकत नाही. त्यांच्यासाठी मी चहा मागवला.

आता साठेकाकांकडे येते. खरं तर त्यांच्याबद्दलच लिहायचं होतं.

काका येण्याआधी त्यांच्या मुलीचा फोन आला. केतकी तिचं नाव. तीही बेळ्ळंदूरला राहते, तिथल्याच एका ऑफिसात मोठ्या जागेवर आहे.

“आंटी, उद्या माझे बाबा त्यांची पद्मिनी टो करून तुमच्याकडे आणतायत. तुम्ही प्लीज एवढंच सांगा, की आता हिचे पार्ट्स मिळत नाहीत. बाकी मी हँडल करते.”

“कुठला पार्ट मिळत नाही?”

“कुठलाही. तुम्हाला सूट होईल तो.”

मग तिने दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आयुधपूजेची गोष्ट सांगितली. साठे मूळचे पुण्याचे, पण नोकरीमुळे उभा जन्म इथे गेला, म्हणून गाडीची पूजा इथल्या पद्धतीने करतात. चाकांखाली लिंबं, बॉनेटला झेंडूची माळ, आणि शेवटी कोहळ्यावर कापूर पेटवून गाडीवरून ओवाळायचा, मग तो कोहळा रस्त्यावर फोडायचा. काकांनी गाडी सुरू करून पोर्चमधून फाटकापर्यंत आणली, बंद केली आणि कापूर पेटवायला काडी ओढली. केतकी नुकतीच आली होती. फाटकातच तिला पेट्रोलचा भपका आला. बॉनेटखालून फरशीवर ठिपके पडत होते. तिने ओरडून बाबांच्या हातावर हात मारला. कोहळा खाली पडून फुटला, काडी विझली.

“आणि बाबा मला म्हणतात, अपशकुन केलास! आई महिनाभर सांगतेय वास येतोय म्हणून. ऐकतच नाहीत. आंटी, माझी मुलगी बसते त्या गाडीत.”

“मग नळ्या बदलू की.”

“मुद्दा नळ्यांचा नाहीये. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये मी त्यांच्यासाठी फ्लॅट घेऊन ठेवलाय. जयनगरच्या घरात दोघंच असतात. काही झालं तर मला पोहोचायला दीड तास. विषय काढला की बाबा विचारतात, गाडी कुठे ठेवू? खाली पार्किंग एकच आहे ना. गाडी गेली की दे विल शिफ्ट.”

तिचं मला पटत होतं. माझीही आई म्हातारी आहे. पण मी तिला सांगितलं, “हे बघ, होज मिळत नाही असं मी म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तुझे बाबा जे. सी. रोडवरून पिशवीभर घेऊन येतील. आणि पुढे मी खरं सांगितलं तरी त्यांना ते खोटंच वाटेल. गाडी धोक्याची असेल तर त्यांच्या तोंडावर सांगेन. नसेल तर तेही सांगेन.”

“म्हणजे तुम्ही हेल्प करणार नाही.”

“गाडी बघते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडीबरोबर काका आणि काकू दोघंही आले. काका उंच, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी झालेली, हे त्यांनी नावाच्या आधी सांगितलं. काकू लहानखुऱ्या, हातात कापडी पिशवी. स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाल्या, “बाई, इथेही तोच वास. आमच्या स्वयंपाकघरात गणपतीपासून हाच मुक्कामाला आहे.”

“गॅरेजात पेट्रोलचा वास येणार नाही तर काय केवड्याचा येणार?” काका म्हणाले.

“इथलं नाही बोलत मी. घरचं बोलतेय.”

“जुनी गाडी आहे. थोडा येणारच.”

माझ्याकडे नंजुंडप्पा म्हणून मेकॅनिक आहेत, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. त्यांनी बॉनेट उघडलं, मी टॉर्च धरली, क्षणभर इंजिन फिरवून बंद केलं. पंपावरच्या होजला उभी भेग होती आणि तिच्यातून पेट्रोल घाम फुटल्यासारखं बाहेर येत होतं. माझे डोळे चुरचुरायला लागले. नंजुंडप्पा खोकत मागे सरले.

काका मात्र वाकून होजपासून वीतभर अंतरावर नाक नेऊन उभे. “कुठे आहे लीक?” त्यांनी चष्मा सारखा केला. “वास तर काहीच नाही.”

नंजुंडप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं.

मी आत गेले. दोन चिंध्या घेतल्या, एक पाण्यात भिजवली, एक पेट्रोलमध्ये. दोन वाट्यांत ठेवून काकांसमोर आणल्या. “काका, यातली पेट्रोलची कोणती?”

काकांनी दोन्ही वाट्या नाकाजवळ नेल्या. मग हळूच एका चिंधीला बोट लावलं आणि ते हवेत धरलं. पेट्रोल पटकन उडतं, बोट गार पडतं. माणूस तपासणीतला होता. “ही,” ते म्हणाले. बरोबर होतं.

“बोटाने नाही. नाकाने सांगा.”

काकांनी चिंधी वाटीत नीट घडी करून ठेवली, जशी काही ती मोडणारी वस्तू होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“कोविड झाला होता तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले परत येईल. नाही आला.”

काकू स्टुलावरून उठल्या. “मग रोज जेवताना आमटी काय सुंदर झालीये म्हणता, ते?”

“रंगावरून.”

“रंगावरून?”

“तुला उगाच कशाला वाईट वाटायला लावायचं.”

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “परवा हिंग घालायचं विसरले होते मी. तरी सुंदर म्हणालात. मला वाटलं, चला, हिंगाशिवायही होतेय वाटतं.” आणि पुढे, “महिनाभर मी वास येतो म्हणतेय, तर मला म्हणे तुझं पित्त वाढलंय.”

मी काकांना खुर्ची दिली आणि जे होतं ते सांगितलं. होज तिन्ही बदलून देते, टाकीचं तोंडही बघते, पंपाच्या आधी एक छोटा कॉक बसवते म्हणजे गाडी उभी असताना पेट्रोल बंद ठेवता येईल. गाडी ठणठणीत होईल. पण कोणताही होज कायमचा नसतो. क्लिप कधीतरी सैल होणार, कुठेतरी पाझरणार. बाकीच्यांना ते नाक सांगतं आणि ते थांबतात. तुम्हाला कोणी सांगणार नाही. नाकाचा पार्ट माझ्याकडे नाही.

“केतकीचा फोन आला होता का?” काकांनी विचारलं.

“आला होता. पण मी हे तिच्या सांगण्यावरून बोलत नाहीये.”

“ते कळतंय. ती असती तर एवढी लांबण लावली नसती.” त्यांनी गाडीकडे पाहिलं. “ही गेली की घर गेलं. मग वरच्या कुठल्यातरी मजल्यावर बसून खालची ट्रॅफिक मोजायची.”

“मला तिथे जायचं नाही,” काकू म्हणाल्या. “गांधी बाजार सोडून मी कुठे भाजी आणू? पण मला जळूनही मरायचं नाही. दोन्ही सांगून ठेवते.”

नंजुंडप्पांनी चहा आणला. त्यांना मराठी कळत नाही, पण गाडीवरून नवरा-बायकोत काय चालतं ते कुठल्याही भाषेत कळतं. चहा अर्धा झाल्यावर काका एकदम म्हणाले, “आमच्याकडे एकाची सही चालत नसे.”

मला वाटलं विषय बदलताहेत. पण ते सांगत होते ते कारखान्याचं. विमानाच्या काही जोडण्या अशा असतात की चुकल्या तर माणसं मरणार. त्या एकाने तपासून चालत नाहीत. एकाने तपासायच्या, सही करायची. मग दुसऱ्याने यायचं, पहिल्याला काही न विचारता सगळं पहिल्यापासून बघायचं. त्याचीही सही झाली तरच विमान शेडबाहेर. दुसरा नाही म्हणाला की संपलं.

“मग वाद होत असतील,” मी म्हटलं.

“अजिबात नाही. तोच तर नियम. दुसऱ्याने नाही म्हटलं की कारणसुद्धा विचारायचं नाही. कारण विचारलं की माणूस पटवायला लागतो, आणि पटवता नाही आलं की सही करून टाकतो. माझ्याहून लहान पोरांनी माझी विमानं अडवलीत. मी गप कँटीनला जायचो.” त्यांनी काकूंकडे बघितलं. “माझी सही डोळ्यांची आणि हाताची. दुसरी सही हिच्या नाकाची. ही नाही म्हणाली की गाडी पोर्चमधून हलणार नाही.”

“आणि महिनाभर मी नाहीच म्हणत होते, त्याचं काय?”

“तेव्हा तू तपासनीस नव्हतीस.”

“मग कोण होते? स्वयंपाकीण?”

“आता झालीस ना,” काका म्हणाले. ती माफी होती. काकूंनी ती चहाबरोबर घेतली.

गाडी दोन दिवस माझ्याकडे राहिली. दोघंही रोज आले. काका माझ्या खांद्यामागे उभे. चिरलेला प्रत्येक जुना होज त्यांनी मागून घेतला, उजेडात धरून आतला काळा भुगा नखाने काढून पाहिला. मागचा तर हातात घेताच दुमडला. “कारखान्यात रबर तारखेवर फेकायचो आम्ही,” ते म्हणाले. “कितीही चांगलं दिसो. तारीख संपली की कचऱ्यात.”

काकूंना मी वास शिकवला. शिकवला म्हणजे काय, जागा दाखवल्या. सकाळी गाडीचं दार उघडल्याबरोबर पहिला श्वास घ्यायचा, कारण दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं. मग पुढच्या जाळीपाशी. मग डिकी उघडून. धुराचा वास वेगळा, इंजिन ऑइलचा वेगळा, कच्च्या पेट्रोलचा वेगळा. मी कॉक उघडून, क्लिप मुद्दाम सैल करून, कधी काहीच न करता त्यांना बोलवत होते. दोन्ही दिवसांत एकदाही चुकल्या नाहीत. नंजुंडप्पा म्हणाले, “अक्का, यांना कामावर ठेवा.” मी भाषांतर करून सांगितलं. काकू म्हणाल्या, “सांग त्यांना, मंडईत कोथिंबीर घेताना जे नाक लागतं ना, त्यापुढे हे काहीच नाही.”

केतकीला हे आवडलं नाही. ती शनिवारी गॅरेजवर आली, आत न बसता रस्त्यावरच उभी राहून बोलली. “आंटी, मी एक सिंपल गोष्ट सांगितली होती. तुम्ही आईला पण त्यात ओढलंत. उद्या काही झालं तर ती म्हणेल, माझ्यामुळे झालं.”

तसं होऊ शकतं, हे मी मान्य केलं. पण हेही सांगितलं, की त्यांच्याशी खोटं बोलून गाडी काढून घेतली असती तरी त्यांचं नाक गेलंय हे कोणाला कळलं नसतं. त्या नव्या फ्लॅटमध्येही गॅस असणारच. जाताना तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डिकीपाशी थांबून, कोणी बघत नाही असं समजून, वास घेतला.

हिवाळा गेला. काकूंचे अधूनमधून फोन यायचे, बहुतेक नुसते कळवायला. गाडी गांधी बाजारला गेली, बसवनगुडीला भजनाला गेली, वास नाही. एकदा खरंच आला. कॉक आणि नळीच्या जोडावर नखाएवढी ओल होती. दुपारपर्यंत मी ती काढून दिली आणि काकूंनी शेजारीपाजारी सगळीकडे ते सांगितलं.

मग उन्हाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. “बाई, आज मी गाडी अडवलीय. वास येतोय. जरा बघून जा.”

मी स्कूटर काढून जयनगरला गेले. काका पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते, बाहेर जायचे कपडे घालून, चावी हातात. मी बॉनेट उघडलं. होज कोरडे. प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर फिरवला, कोरडा. गाडीखाली सरपटत गेले, मागचा होज दाबून पाहिला, कोरडा. डिकी, कॉक, टाकीचं तोंड, सगळं कोरडं. मला मोगऱ्याचा वास येत होता, शेजारच्या कोणाच्यातरी फोडणीचा येत होता, पेट्रोलचा येत नव्हता.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या.

“काकू, गळत नाहीये.”

“ठाऊक आहे.” त्यांनी नळ सोडला, जरा जास्तच मोठा. “सकाळी दाढी करताना त्यांनी दोनदा भिंतीला हात टेकला. मी बघत होते. विचारलं तर म्हणाले, पाय घसरला. कोरड्या फरशीवर. आणि लगेच म्हणाले, चल, गाडी काढतो. आता चक्कर येते म्हटलं असतं तर ऐकलं असतं का? वास येतो म्हटलं की ऐकतात.”

“डॉक्टर?”

“वेळ घेतलीय. त्यांना अजून सांगितलं नाही.”

मी हात पुसत राहिले. केतकीला मी जे नाही म्हटलं होतं, तेच ही बाई माझ्यासमोर उभी राहून करत होती, आणि मला तिचं काही चुकतंय असं वाटत नव्हतं. पोर्चमध्ये जाऊन काका मला विचारणार, काय निघालं? मग मी काय सांगणार? सबंध पोर्च ओलांडेपर्यंत मला ते ठरवता आलं नाही, एवढं खरं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या टिश्यू पेपरकडे पाहिलं. तो पांढरा स्वच्छ होता. अशा कागदावरून काय वाचायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

मी तोंड उघडलं. काकांनी हात वर केला.

“नको सांगूस. दुसऱ्या तपासनीसाने नाही म्हटलंय ना?”

“म्हटलंय.”

“मग झालं.” ते उठले. उठताना खुर्चीचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, मग चावी आत खिळ्याला अडकवून आले. “अगं, रिक्षा बोलाव. आणि मला कुठे न्यायचं ठरवलंयस ते सांग, म्हणजे फाईल घ्यायची की पिशवी ते कळेल.”

“फाईल,” काकू आतून म्हणाल्या.

चक्कर रक्तदाबाच्या गोळीची निघाली. डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि डोकं ठिकाणावर येईपर्यंत गाडी चालवू नका म्हणाले. काकूंनी त्यांच्या हिशेबाने डॉक्टरांपेक्षा दोन आठवडे जास्त अडवली. गाडी आता चालते, पूर्वीपेक्षा कमी चालते. केतकीने त्यांच्यासाठी घेतलेला फ्लॅट सध्या भाड्याने दिलाय, आणि हल्ली फोन केला की आधी आईला विचारते, आज सही झाली का.

पण त्या सकाळचं सांगत होते. रिक्षा आली. ड्रायव्हर म्हणाला, “बन्नी सार, बेगा,” म्हणजे या, लवकर. मागे गाड्या खोळंबल्या होत्या. काका पायरीवर पाय ठेवणार तोच काकूंनी त्यांच्या दंडाला धरून थांबवलं. फाईल काखेत घट्ट केली, आधी स्वतः रिक्षात डोकं घातलं आणि दीर्घ श्वास घेतला. ड्रायव्हर वळून बघायला लागला.

“स्वल्प थांब रे,” काकू त्याला म्हणाल्या. मग डोकं बाहेर काढून काकांना म्हणाल्या, “ठीक आहे. बसा.”

काका बसले.